एटीकेटी म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त तुम्हाला माहीत असतं

अमेरिकेत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, म्हणजे वाणी आणि भाषेच्या विकारांवरच्या उपचाराचं शास्त्र, शिकवणाऱ्या आणि मास्टर्सच्या प्रवेश समित्यांवर बसणाऱ्या मराठी सरांना आणि मॅडमना,

स.न.वि.वि.

तुमच्यातल्या फार थोड्यांना मी प्रत्यक्ष भेटले आहे. पण तुम्ही कुठून आलात ते साधारण माहीत आहे. कुणी म्हैसूरच्या वाणी-श्रवण संस्थेत शिकलं, कुणी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत, कुणी नायर हॉस्पिटलच्या ओपीडीत उभं राहून. पुढे इथे येऊन पीएचडी केलीत, शिकवायला लागलात. दर हिवाळ्यात तुमच्यापुढे काही शे अर्जांचा ढीग येतो आणि त्यातून तीस-चाळीस मुलं निवडायची असतात. त्या ढिगात एखादी भारतातली गुणपत्रिका असते, आणि तिच्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक स्कूलमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे. त्याआधी मी पुण्यात ई अँड टीसीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची, इंजिनिअर झाले. चार वर्षांच्या डिग्रीला मला पाच वर्षं लागली. पहिल्या वर्षाचे चार विषय राहिले, एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन पुढे जायच्या सवलतीवर, दुसऱ्या वर्षाला बसले, एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, चौथ्या प्रयत्नात सुटला आणि त्यापायी एक वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' राहिला. शेवटची तीन सेमिस्टर स्वच्छ आहेत आणि शेवटच्या वर्षाला चौसष्ट टक्के आहेत.

हे आकडे वाचताना तुमच्या मनात जे चित्र उभं राहिलं असेल, ते तुमच्या शेजारी बसलेल्या अमेरिकन सहकाऱ्याच्या मनात उभं राहत नाही, राहूच शकत नाही. त्यांना चौसष्ट दिसतात आणि त्यांच्या शाळेत चौसष्ट म्हणजे डी. आमच्याकडे इंजिनिअरिंगला सहासष्टला डिस्टिंक्शन मिळायचं, हे त्यांना कोण सांगणार? गुणपत्रिका अमेरिकन जीपीएत, म्हणजे चारपैकीच्या सरासरीत, बदलून देणाऱ्या संस्था आहेत, पण त्यांचंही एकमेकींशी जुळत नाही. माझ्याच गुणपत्रिकांचे दोन ठिकाणांहून दोन वेगळे आकडे आले. एक तीनच्या वर, एक खाली. बऱ्याच विभागांची पहिली चाळणी नेमकी ३.० ला लागते. म्हणजे मी आत की बाहेर, हे मी पैसे कोणत्या संस्थेला भरले यावर ठरलं.

पहिल्या वर्षी मी मास्टर्ससाठी सात ठिकाणी अर्ज केले. सातही ठिकाणांहून नकार आला. ती पत्रं सभ्य असतात, आणि त्यांत कारण कधीच नसतं.

पुढचं लिहिताना मला प्रामाणिक राहायचं आहे, कारण या पत्राचा सगळा भार त्यावरच आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी माझ्या घरी कुणी आजारी नव्हतं. वडिलांची नोकरी गेली नव्हती. मी तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आले होते आणि पहिले दोन महिने वर्गात काय चाललंय ते मला कळत नव्हतं, हे खरं. पण विचारायची लाज वाटली म्हणून मी शेवटच्या बाकावर बसले, मग लेक्चरला जाणंच सोडलं, हॉस्टेलच्या खोलीत झोपून राहिले, हेही खरं. भाषेचा दोष किती आणि माझा किती, हे मला आजही तोलून सांगता येणार नाही.

अर्जाचा निबंध लिहायला घेतला तेव्हा ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला: कमी मार्कांमागे काहीतरी दुःख दाखव. घरातलं आजारपण, मृत्यू, काहीही. एकीने तर आजोबांच्या अर्धांगवायूची गोष्ट 'जरा पुढे-मागे' करायला सांगितली. माझे आजोबा खरंच अर्धांगवायूने गेले, पण मी दहावीत असताना. एम-वनशी त्यांचा काही संबंध नव्हता. मी ते लिहिलं नाही. सर, मॅडम, मला तुम्हाला विचारायचं आहे: वीस वर्षांच्या पोरीने अभ्यास केला नाही, नंतर ती शिकली, आणि पस्तिसाव्या वर्षी तिला हे काम करायचं आहे, एवढी गोष्ट पुरेशी का नसावी? दुःख आणलं तरच गुण माफ होणार असतील, तर खोटं बोलायला आपणच शिकवतो. आणि ज्यांच्या घरी खरोखर काही घडलंय, त्यांना ते परक्यांपुढे मांडून त्याची किंमत लावून घ्यावी लागते.

आता आपल्याच विद्येबद्दल. तुम्ही जे वर्गात शिकवता, तेच मी इथे तुमच्यापुढे परत ठेवते आहे.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत बालवाडीतल्या मुलांची तपासणी चालू होती. एक पाच वर्षांचा मुलगा, घरी मराठी. चित्रं दाखवून नावं विचारायची. अंगठ्याच्या चित्राला तो 'थम्' म्हणाला, पण आपल्या 'थाळी'तला थ लावून. 'व्हेस्ट'ला 'वेस्ट' म्हणाला, ओठ आणि दातांच्या मधल्या त्या आपल्या व ने. लाटण्याच्या चित्राशी आल्यावर त्याचा चेहरा खुलला आणि त्याने ठसक्यात सांगितलं, "लाटणं!" फॉर्मवर तिन्ही ठिकाणी शून्य. माझ्या शेजारी बसलेली सहकारी मनाने चांगली, कामात चोख. तिने नियमाप्रमाणे शून्य मांडलं. मी मराठीत त्याला विचारलं, लाटण्याने काय करतात? तो म्हणाला, "आजी पोळ्या लाटते, मी लाटलं की नकाशा होतो." वाक्य पूर्ण, व्याकरण नेमकं, विनोद वयापेक्षा पुढचा. त्या मुलाला थेरपीची गरज नव्हती. दोन भाषांत मिळून त्याला माहीत असलेले शब्द मोजले, तर तो वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पुढे होता.

फरक आणि विकार या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणं हा आपल्या पेशाचा पाया आहे. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने इंग्रजीची कोणतीही बोली म्हणजे विकार नव्हे, हे १९८३ सालीच लिहून ठेवलं. ज्या मुलांवर चाचणीचं प्रमाण बसवलं, त्यांच्यात हे मूल नसेल, तर त्या चाचणीचा आकडा त्या मुलाला लावायचा नाही, हे तुम्ही पहिल्या सेमिस्टरला शिकवता. आणि शाळांना तर कायद्याचंच बंधन आहे. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा जो कायदा १९७५ मध्ये आला आणि आता आयडिया नावाने ओळखला जातो, तो स्पष्ट सांगतो की कोणत्याही एकाच मोजमापावर मूल दिव्यांग आहे की नाही हे ठरवायचं नाही, आणि तपासणी शक्य तिथे मुलाच्या भाषेत करायची. पाच वर्षांच्या मुलाला हा न्याय आपण देतो. मग त्याच मुलासाठी मराठी बोलणारी थेरपिस्ट होऊ पाहणाऱ्या बाईला ३.० च्या एका रेघेवर का अडवतो?

मला माहीत आहे, ती रेघ ओढायला कारण आहे. दोन वर्षांत न्यूरोअ‍ॅनाटॉमी, गिळण्याचे विकार, आवाज, वाचाघात, तोतरेपणा, सगळं कोंबायचं असतं. त्यातच चारशे तासांचं क्लिनिकल काम, त्यानंतर प्रॅक्सिसची परीक्षा, मग छत्तीस आठवड्यांची फेलोशिप, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखालची नोकरी. गिळण्याच्या तपासणीत चूक झाली तर पेशंटच्या फुप्फुसात अन्न जातं. जिला अभ्यास पेलणार नाही, तिला आत घेणं म्हणजे तिच्यावर आणि पेशंटवर दोघांवरही अन्याय. मी सूट मागत नाही. अभ्यास पेलेल की नाही, हे शोधायची आपल्याच शास्त्रात अधिक चांगली रीत आहे आणि ती वापरा, एवढंच म्हणते.

त्या रीतीला आपण डायनॅमिक असेसमेंट म्हणतो. आधी चाचणी घ्या, मग शिकवा, मग पुन्हा चाचणी घ्या, आणि मधल्या काळात मूल कसं शिकलं ते बघा. एलिझाबेथ पेन्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ पासून हे मांडलं आहे की दोन भाषांतल्या मुलांबाबत पहिल्या गुणांपेक्षा ही शिकण्याची क्षमता खरं चित्र दाखवते. आता पुन्हा घेतलेला विषय म्हणजे दुसरं काय असतं? चाचणी, शिकवणं, पुन्हा चाचणी.

मला इथे बॅचलर्समधले विषय आधी पुरे करावे लागले: फोनेटिक्स, भाषा कशी येते, श्रवणशास्त्र, शिवाय जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र. वाणी आणि श्रवणाच्या अ‍ॅनाटॉमीत पहिल्यांदा मला सी मिळाला. जुन्या सवयीने पाठांतर केलं, आणि परीक्षेत स्वरयंत्राचे फोटो दाखवून विचारलं. मी तो कोर्स पुन्हा घेतला, पैसे पुन्हा भरले, ए मिळवला. पण ज्या केंद्रीय प्रणालीतून, म्हणजे सीएसडीकॅसमधून, बहुतेक अर्ज जातात, तिथे दोन्ही प्रयत्न सरासरीत धरतात. ए आणि सी मिळून बी. म्हणजे मी शिकले ही गोष्टच त्या आकड्यात पुसली गेली. आकडा प्रणाली काढते, ते तुमच्या हातात नाही. पण त्या आकड्याच्या मागचं पान उघडणं तुमच्या हातात आहे.

आणि 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स'. पुण्यात तो पेपर मला तीनदा द्यावा लागला. फूरिए ट्रान्सफॉर्मची पानंच्या पानं लिहून काढली, पण ते कशासाठी, हे कधी दिसलं नाही. इथे स्पीच सायन्सच्या लॅबमध्ये आम्हाला आपापला आवाज रेकॉर्ड करून प्राट या आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायला सांगितला. मी 'पात' आणि 'पाट' म्हणाले. पडद्यावर दोन्हींच्या 'आ'च्या आडव्या काळ्या पट्ट्या सारख्याच निघाल्या, पण 'पाट'मध्ये ट जवळ येताना तिसरी पट्टी खाली वाकत होती, दुसरीला भेटायला निघाल्यासारखी. या पट्ट्या म्हणजे फॉर्मंट. जीभ मागे वळते तेव्हा तिसरा फॉर्मंट खाली येतो. मी ते आईच्या आवाजात पाहिलं, फोनवरून रेकॉर्ड करून, मग नवऱ्याच्या, मग मुलीच्या. तिच्या 'ट'मध्ये ती पट्टी जेमतेम वाकत होती, कारण ती इथे जन्मली आणि तिचा ट इंग्रजी झाला आहे. त्या रात्री मी जुनं पुस्तक पीडीएफमध्ये शोधून फूरिएचा धडा पहिल्यापासून वाचला. एका बैठकीत कळला. गुणपत्रिकेवर मात्र त्या विषयापुढे अजूनही तीन प्रयत्न आहेत आणि कायम राहतील.

दुसऱ्या वर्षी मी नऊ अर्ज केले. तीन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. त्यातल्या एका समितीवर भारतातून आलेल्या एक प्राध्यापिका होत्या. बाकीच्या दोघांनी 'तुमच्या आयुष्यातलं आव्हान' वगैरे विचारलं. बाईंनी माझी गुणपत्रिका उलटी करून पाहिली आणि विचारलं, "तुम्ही एटीकेटीवर दुसऱ्या वर्षाला होतात. मग त्या डिसेंबरात एकूण पेपर किती दिले?"

मी म्हणाले, नऊ. पाच त्या सेमिस्टरचे, चार मागचे.

"किती सुटले?"

सहा.

बाई शेजाऱ्यांकडे वळल्या आणि इंग्रजीत त्यांना समजावून सांगितलं की इथे नापास झालेला विद्यार्थी तो एक कोर्स पुन्हा घेतो, पण या पद्धतीत पुढच्या वर्षाचा पूर्ण अभ्यास आणि मागचे पेपर एकाच महिन्यात द्यावे लागतात, प्रत्येक पेपर तीन तासांचा, तपासायला बाहेरचा परीक्षक. मग शेवटच्या तीन सेमिस्टरवर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि हे त्यानंतरचं." दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. त्या विभागाने मला घेतलं. बाकी दोन ठिकाणी तसं विचारणारं कुणी नव्हतं, तिथून सभ्य पत्रं आली.

मी त्या बाईंची ओळखीची नव्हते, गावची नव्हते. त्यांनी वशिला लावला नाही. त्यांनी एका कागदाचं भाषांतर केलं, इतकंच, आणि ते करता येणारं त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी हे पत्र लिहिते आहे ते त्या दोन मिनिटांसाठी. तुमच्यापैकी बरेच जण अशा वेळी गप्प राहता, हे मला तुमच्याच काही जणांनी सांगितलं आहे. आपल्या माणसाची बाजू घेतली असं दिसेल, याची धास्ती असते. विभागात आपण एकटेच तपकिरी, त्यात असं बोललो तर पुढच्या वेळी आपलं मत कोण ऐकेल. ही भीती खोटी नाही. पण स्पॅनिश घरातल्या मुलीच्या अर्जावर कुणी तिची पार्श्वभूमी सांगितली तर त्याला पक्षपात म्हणत नाहीत, माहिती म्हणतात. तुमचीही माहितीच आहे. आता तर कितीतरी विभाग आपल्या पत्रकात 'होलिस्टिक रिव्ह्यू', म्हणजे नुसते गुण न बघता अर्जाचा सर्व बाजूंनी विचार, असं लिहितात आणि कोविडनंतर अनेकांनी जीआरईसुद्धा काढून टाकली. तो शब्द त्यांनी लिहिला आहे, तर त्याचा अर्थ त्यांना बैठकीत विचारा. शेवटच्या साठ क्रेडिटचा, म्हणजे साधारण शेवटच्या दोन वर्षांचा, जीपीए वेगळा काढून बघा म्हणा. काही विभाग तो बघतातच. आणि चाळणी लागण्याआधी बोला. मुलाखतीपर्यंत पोचलेली मुलगी स्वतःचं सांगू शकते, चाळणीत गळालेली नाही सांगू शकत.

अजून एक मागणं आहे आणि ते तुमच्या वेळेवर थोडं ओझं टाकणारं आहे. शिफारसपत्रं. आपल्याकडे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यांचा त्यात वाईट हेतू नसतो, शंभर-सव्वाशे पोरांचा वर्ग, कुणाला ओळखणार? पण मग तिन्ही पत्रांत 'सिन्सिअर अँड हार्डवर्किंग' एवढंच येतं, आणि समितीला वाटतं हिला कुणी जवळून पाहिलेलंच नाही. नवऱ्याच्या नोकरीमागे एच-फोर व्हिसावर आलेल्या कितीतरी बायकांना इथे कामाची परवानगी नसते, म्हणून कामावरच्या साहेबाचंही पत्र नसतं. अशी एखादी बाई तुमच्या लॅबला ईमेल करते तेव्हा तिला आठवड्याचे चार तास फुकट काम द्या. भाषेचे नमुने टाइप करू द्या, निरीक्षणाचे पंचवीस तास पुरे करू द्या. सहा महिन्यांनी तुम्ही तिच्याबद्दल जे लिहाल ते खरं असेल, मग ते चांगलं असो की नसो. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्यांपैकी एकीला अशी जागा मिळाली. दोन महिन्यांनी तिने स्वतःच ठरवलं की हे काम आपलं नाही. तिचेही पैसे वाचले, तुमची एक जागाही वाचली.

हे पत्र अर्ज करणाऱ्याही वाचतील हे मला माहीत आहे, म्हणून त्यांच्यासाठी दोनच ओळी. कोणतीही जुनी गुणपत्रिका लपवू नका, जिथे जिथे शिकलात ते सगळं दाखवावंच लागतं. आणि निबंधात कमी मार्कांवर एक परिच्छेद पुरे: काय झालं, त्यात तुमचा भाग किती, नंतर काय केलंत.

सर, मॅडम, या देशात आपल्या पेशातले जेमतेम आठ टक्के लोक स्वतःला दुसऱ्या भाषेत सेवा देणारे म्हणवतात, आणि त्यातही स्पॅनिशवाल्यांचाच भरणा आहे. माझ्या जिल्ह्यात एका मराठी आजींना अर्धांगवायूनंतर वाचाघात झाला. इंग्रजी त्यांना आधीही येत नव्हतं. थेरपी टेलिफोनवरच्या दुभाष्यामार्फत चालली होती आणि दुभाषी हिंदीचा होता. मुलीने मला शोधून काढलं. मी शाळेतली थेरपिस्ट, हॉस्पिटलचं काम माझं नव्हे, पण तिथल्या थेरपिस्टच्या परवानगीने एक तास जाऊन बसले. आजींना एकही नाव आठवत नव्हतं. मी म्हटलं, "मीठ-" आणि थांबले. त्या म्हणाल्या, "मिरची." मग "भाजी-", "भाकरी." "चहा-", "पाणी." तिथल्या थेरपिस्टने वहीत सगळं मराठी उच्चारांसकट उतरवून घेतलं आणि पुढचे तीन आठवडे त्यावर काम केलं.

या डिसेंबरापासून फेब्रुवारीपर्यंत तुमच्याकडे पुन्हा अर्ज येतील. त्यांतला एक अर्ज माझ्या ओळखीच्या एका मुलीचा आहे. नाव सांगत नाही, सांगणं योग्यही नाही. बी.ए. मराठी, दुसऱ्या वर्षाला दोन केटी, इथले सगळे कोर्स ए. गुणपत्रिकेचं दुसरं पान उघडाल तेव्हा कळेलच.

आपली,
न्यू जर्सीतल्या एका शाळेतली स्पीच थेरपिस्ट